‘ते यायला तयार नाहीत, मी एकटीच येऊ का?’ जोडीदाराशिवाय विवाह समुपदेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात समुपदेशनाचं काम करताना फोनवर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मॅडम, ते यायला तयार नाहीत.’ हल्ली ‘ती यायला तयार नाही’ म्हणणारेही बरेच असतात. खालचे प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत. उदाहरणं एकेका घराची नाहीत, दोन-तीन घरांचं मिळून एक केलंय. त्यामुळे ‘हे आमच्याबद्दलच लिहिलंय’ असं वाटलं तरी ते तुमच्याबद्दल नाही.

जोडीदार येणारच नसेल तर एकट्याने येण्यात काही अर्थ आहे का?

आहे, पण कशासाठी येताय ते आधी स्वतःशी ठरवा. ‘त्याला कसं सुधारायचं तेवढं सांगा’ म्हणून आलात तर पहिल्याच तासात दोघींची निराशा होईल. जो माणूस खोलीत नाही, त्याच्यावर इथून काही उपाय करता येत नाही. तुमच्यात रोज जे घडतं त्यातला तुमच्या हातातला भाग मात्र सुटा करून बघता येतो. या लग्नात राहायचं की नाही, यावर कुणी घाई न करता विचार करता येतो. आणि या सगळ्यात तुमची झोप, भूक, कामावरचं लक्ष उडालं असेल, तर आधी तिकडे बघता येतं. बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करावी लागते.

पण टाळी एका हाताने वाजत नाही ना?

नाही वाजत. भांडणाचीही वाजत नाही, हे मात्र आपण सोयीस्कर विसरतो.

एक घर सांगते. तो हिंजवडीहून रात्री साडेआठ-नऊला घरी येतो. तिने दिवसभर एक विषय मनात धरून ठेवलेला असतो. त्याच्या पायातले बूट निघायच्या आत ती म्हणते, ‘आपल्याला बोलायचंय.’ तो म्हणतो, ‘आत्ता नको.’ ती मागोमाग स्वयंपाकघरात जाते, आवाज चढतो. तो फोन घेऊन गॅलरीत जातो. मग ती त्याच्या आईवरून एक ठरलेलं वाक्य बोलते आणि तिथून अबोला सुरू होतो. चार दिवस निरोप मुलीमार्फत: ‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ पाचव्या दिवशी दूध आणायचं निमित्त होतं, बोलणं सुरू होतं आणि मूळ विषय तिथेच राहतो.

ती म्हणते, तो बोलत नाही म्हणून मी मागे लागते. तो आला असता तर म्हणाला असता, ती मागे लागते म्हणून मी गप्प होतो. दोघंही खरंच बोलतायत. एक मागे लागतो आणि दुसरा पळ काढतो, हा प्रकार जगभरातल्या संशोधकांनी इतक्या जोडप्यांत पाहिलाय की त्याला स्वतंत्र नाव आहे. मरे बोवेन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ तर कुटुंबातल्या एकाच तयार माणसाला हाताशी धरून काम करायचे. घरातल्या एकाने आपली नेहमीची चाल बदलली, की बाकीच्यांना आपापल्या जुन्या चाली तशाच चालवणं अवघड जातं, हा त्यामागचा हिशेब.

या बाईंनी दोन आठवडे फक्त वेळा लिहिल्या: विषय कधी काढला, तेव्हा कोण दमलेलं होतं, कुठल्या वाक्यावर तो उठला. वहीत बघून त्या स्वतःच म्हणाल्या, ‘सगळं रात्री नऊ ते दहाच्या मध्येच आहे की!’ मग ठरलं की रात्री विषय काढायचा नाही. शनिवारी सकाळी तळजाई टेकडीवर चालताना एकच विषय, वीस मिनिटं. समोरासमोर बसवलं की काही माणसांना चौकशी चालल्यासारखं वाटतं, शेजारी चालताना ती बोलतात. आणि आईवरचं ते वाक्य कायमचं बंद. पहिले दोन शनिवार तो हूं-हूं करत चालला. तिसऱ्या शनिवारी त्याने आपणहून घराच्या कर्जाचा विषय काढला.

तो माझ्याकडे कधीच आला नाही. त्यांचं लग्न सावरलं असंही मी म्हणणार नाही. अबोला चार दिवसांवरून एका संध्याकाळवर आला, एवढं मला माहीत आहे.

म्हणजे चूक माझीच, असं तुम्ही म्हणणार का?

नाही. भांडणातला आपला वाटा बघणं आणि दोष कबूल करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय काही बाबतींत वाटा शोधायचाच नसतो. मारहाणीचा प्रश्न पुढे घेतलाय, तो जरूर वाचा.

लोक यायला नकार का देतात?

‘मी काय वेडा आहे का?’ हे तोंडावर दिलेलं कारण असतं. आतली कारणं वेगळी. घरातली गोष्ट तिसऱ्यासमोर उघडी पाडायची लाज वाटते. समुपदेशक बाई असेल तर ‘दोघी मिळून माझ्यावर तुटून पडणार’ अशी भीती असते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. काहींना पैशांचा प्रश्न असतो. काहींना वाटतं, इथलं बोलणं उद्या वकिलाच्या फायलीत जाईल. एखाद्याने मनातून निर्णय घेऊन टाकलेला असतो आणि तो सांगायचं धैर्य नसतं. पुण्यात आणखी एक कारण आहे, ऐकायला हास्यास्पद वाटलं तरी खरं: कोथरूडमध्ये कुठेही गाडी लावली की आत्याच्या ओळखीचं कुणीतरी बघतंच.

यातलं तुमच्या जोडीदाराचं कारण कोणतं, हे कळल्याशिवाय आग्रह करण्यात अर्थ नाही. लाजणाऱ्या माणसाला पैशांची सवलत सांगून काय होणार?

मग त्यांना विचारायचं कसं?

भांडण चालू असताना नको. आई-वडिलांसमोर नको. आणि कृपा करून इन्स्टाग्रामवरच्या नवरा-बायकोच्या रील पाठवू नका. ‘हे बघ, अगदी तुझ्यासारखा’ असा त्याचा अर्थ होतो आणि तो समोरच्याला बरोबर कळतो.

‘तुला गरज आहे’ याऐवजी ‘मला हे झेपत नाहीये, म्हणून मी जातेय. एकदा माझ्याबरोबर ये, आवडलं नाही तर पुन्हा म्हणणार नाही’ असं म्हणून बघा. आणि मग खरोखरच पुन्हा म्हणू नका. समुपदेशक दोघांनी मिळून निवडावा. दोन-तीन नावं समोर ठेवा आणि शेवटची निवड त्यांना करू द्या. ‘आला नाहीस तर मी माहेरी जाईन’ हे वाक्य तुमच्या मनात खरं असेल तर स्वतंत्रपणे, शांतपणे सांगायची गोष्ट आहे. इथे आणण्यासाठी वापरायची धमकी नव्हे.

काहीतरी निमित्त सांगून आणलं तर चालेल?

नाही. ‘शुगर दाखवायची आहे’ म्हणून आणलेले एक गृहस्थ पाटी वाचून जिन्यातूनच परतले. त्यानंतर ते खऱ्या डॉक्टरकडेही जायला तयार होईनात.

घरी न सांगता आले तर? ही फसवणूक नाही का?

स्वतःच्या तब्येतीसाठी जाणं ही फसवणूक नाही. पण महिनोन्महिने लपवलं आणि मग पावती हाती लागली, तर ‘माझ्यामागे माझ्या चुगल्या करत होतीस’ हा नवा विषय तयार होतो. माझं मत असं की जिवाला धोका नसेल तर दोन-तीन भेटींनंतर साधेपणाने सांगून टाकावं. काय बोलते ते सांगायची गरज नाही, जाते एवढंच. घरात भीतीचं वातावरण असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि सांगू नका.

फक्त माझी बाजू ऐकून समुपदेशक माझ्याच बाजूचा होणार नाही का?

होऊ शकतो. एकट्याने येण्यातला सगळ्यात मोठा धोका हाच, आणि माझ्या व्यवसायातली माणसं तो मोकळेपणाने सांगत नाहीत.

१९७८ मध्ये गुरमन आणि निस्कर्न या अमेरिकन संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. लग्नातल्या प्रश्नासाठी एकालाच भेटत राहिलं तर दोघांना मिळून भेटण्यापेक्षा परिणाम वाईट होतात, बिघडण्याचं प्रमाणही जास्त दिसतं, असं त्यांनी मांडलं. पुढे यावर वाद झाले. त्या अभ्यासांचा दर्जा कितपत होता, असे आक्षेप आले. पण मुद्दा विसरण्यासारखा नाही. दर आठवड्याला तासभर कुणीतरी फक्त तुमचं ऐकतंय, मान डोलावतंय, आणि घरी गेल्यावर कुणी तसं ऐकत नाही. मग घरचा माणूस आणखीनच वाईट वाटायला लागतो. आठवड्यातला एक तास ऐकणं सोपं असतं हो! भांडी आणि हप्ते त्या खोलीत येत नाहीत.

त्यामुळे समुपदेशकाची परीक्षा घ्या. ‘तो आत्ता इथे असता तर काय म्हणाला असता?’ असं तो तुम्हाला वरचेवर विचारतो का? तुम्हाला आवडणार नाही असं काही महिन्यातून एकदा तरी बोलतो का? उलट, जोडीदाराला एकदाही न बघता दुसऱ्याच भेटीत ‘तुमचा नवरा नार्सिसिस्ट आहे’ किंवा ‘तुमच्या बायकोला बायपोलर दिसतोय’ असं जो सांगतो, त्याच्याकडची तिसरी भेट घेऊ नका. न पाहिलेल्या माणसाचं निदान करता येत नाही.

समुपदेशकाचं शिक्षण कसं तपासायचं?

थेट विचारून. आपल्याकडे ‘समुपदेशक’ अशी पाटी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही लावतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषधं तेच देऊ शकतात. मानसशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि जोडप्यांबरोबर कामाचा अनुभव असलेले चांगले समुपदेशकही भरपूर आहेत. विचारल्यावर चिडणारा माणूस त्यांतला नव्हे. फी आणि ऐनवेळी भेट रद्द केली तर किती आकारणार, हेही फोनवरच विचारून घ्या. पुणेकराला हे शिकवायला नकोच.

तो मारतो. दोघांनी मिळून समुपदेशन घेतलं तर थांबेल का?

नाही, आणि अशा वेळी दोघांनी एकत्र बसूच नये. खोलीत तुम्ही खरं बोललात तर त्याची किंमत तुम्हाला रात्री घरी मोजावी लागते. इथे एकटीने येणं हाच बरोबर मार्ग, आणि पहिलं काम सुरक्षिततेचं: कागदपत्रं कुठे आहेत, हाताशी पैसे किती, रात्री बारा वाजता कुणाचं दार वाजवता येईल.

तातडीची वेळ असेल तर ११२. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे तक्रारही घेतात आणि समुपदेशनही होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. न्यायालय संरक्षणाचा, घरात राहण्याचा, खर्चाचा आदेश देऊ शकतं. शिवीगाळ, पैसे अडवून ठेवणं हेही या कायद्यात हिंसाच आहे. याच कायद्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात, आणि ते ‘एकेकट्याने किंवा एकत्र’ असं कलमातच म्हटलंय. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला’ असलं समर्थन या समुपदेशनात चालत नाही, हे नियमांतच आहे. कुणी ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणालं तर ही ओळ त्यांना वाचून दाखवा.

मार खाणारे पुरुष कमी सांगतात, पण असतात. हा कायदा त्यांना लागू होत नाही. ११२ सगळ्यांसाठी आहे.

दारूचा प्रश्न आहे. तो मानतच नाही.

मग लग्नाच्या समुपदेशनाआधी व्यसनाकडे बघा. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं) पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवऱ्याची दारू लपवणं, त्याच्या ऑफिसला ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, उधाऱ्या फेडणं, यातून आपण नकळत व्यसन सांभाळतो, हे तिथे इतर बायकांच्या तोंडून ऐकलं की जेवढं पटतं तेवढं माझ्या तोंडून पटत नाही.

मी पुरुष आहे. एकट्याने यायचा संकोच वाटतो.

समजू शकते. पुरुष फोनवर आधी ‘एका मित्रासाठी विचारतोय’ म्हणतात. आम्ही मित्रासाठीची वेळ देतो, मित्रच येतो. समोर बाई नको असेल तर तसं सांगा, त्यात अपमान नाही. स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या विद्या बाळ यांच्या पुढाकारातून पुण्यातल्या नारी समता मंच या संस्थेने पुरुषांसाठी वेगळं पुरुष संवाद केंद्र सुरू केलं, ते याच गरजेतून. बायकांसाठी त्यांचं ‘बोलते व्हा’ केंद्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचं.

पैसे नसतील तर?

वरच्यासारख्या संस्था आहेत, भरोसा सेल आहे. रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. कायद्याचा सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं.

समुपदेशनाला जाणं म्हणजे घटस्फोटाची पहिली पायरी, असं सासूबाई म्हणतात.

सासूबाईंना सांगा, घटस्फोटाच्या दारातही समुपदेशकच बसलेला असतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलंय. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. तिथे पोचेपर्यंत मात्र दोन्हीकडचे वकील ठरलेले असतात आणि पोळी बरीच करपलेली असते.

शिवाय घटस्फोट असा सहज होतही नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्नाला वर्ष व्हायच्या आत, अपवाद सोडता, अर्जच करता येत नाही. संमतीने घ्यायचा तर वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

राहायचं की सोडायचं हेच ठरत नसेल तर?

एकाला लग्न टिकवायचंय आणि दुसऱ्याचा पाय दाराबाहेर आहे, अशा जोडप्यांसाठी विल्यम डोहर्टी या अमेरिकन समुपदेशकांनी एक छोटी पद्धत बसवली. जास्तीत जास्त पाच भेटी, आणि त्यातला बराचसा वेळ प्रत्येकाशी वेगवेगळा. लग्न दुरुस्त करणं हे त्यात उद्दिष्टच नसतं, पुढे काय करायचं ते नीट कळावं एवढंच. ‘लग्न वाचवायला ये’ म्हटलं की न येणारा माणूस ‘निर्णय घ्यायला पाचदा ये’ म्हटल्यावर कधीकधी येतो. विचारून बघा.

मी बोललेलं गुप्त राहील का? कोर्टात वापरलं जाईल?

मानसिक आरोग्य कायदा २०१७ उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो आणि चांगला समुपदेशक ते कायद्याशिवायही पाळतो. अपवाद पहिल्या भेटीतच सांगायला हवेत: कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश आला, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं. शेवटच्या बाबतीत पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे.

फोनवर चोरून रेकॉर्डिंग करणारे हल्ली वाढलेत. नवरा-बायकोच्या संभाषणाचं असं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलाय. न्यायालयाचं ते न्यायालयाकडे. माझ्या खोलीत फोन बंद करून टोपलीत ठेवायचे.

सहा महिन्यांनी तो म्हणाला, ‘मीही येतो.’ तुमच्याकडेच आणू का?

तीन-चार भेटीच झाल्या असतील तर आणा. त्याला आधी एकट्याने तेवढाच वेळ दिला जाईल. सहा महिने झाले असतील तर दुसऱ्या कुणाकडे दोघांनी नव्याने जा. मी निःपक्ष राहायचा कितीही प्रयत्न केला, तरी खुर्चीत बसताच त्याला कळणार की या बाईंना आपल्याबद्दल सगळं आधीच ठाऊक आहे.

ऑनलाइन चालेल?

चालेल, घरात तेवढी खासगी जागा असेल तर. अनेक जणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात. हेडफोन लावा, काच वर करा आणि वॉचमनकाकांकडे लक्ष देऊ नका.

किती वेळा यावं लागेल?

मी सहा भेटींनंतर थांबून हिशेब मांडते. घरात काही हललंय का? तुमच्यात? दोन्हीकडे उत्तर ‘नाही’ असेल तर सातवी भेट घेण्याआधी दिशा बदलायची किंवा समुपदेशक.

पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

काहीच नाही. टिश्यू असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटचे प्रिंट स्पायरल बाइंडिंग करून आणायची गरज नाही. (आणलेत लोकांनी. अनुक्रमणिकेसकट.) फक्त गाडी लावताना सम-विषम तारखेची पाटी बघा. घरी न सांगता आलेल्या एका काकांची स्कूटर पहिल्याच दिवशी उचलून नेली आणि त्यांना बायकोलाच फोन करावा लागला, ‘मला घ्यायला ये.’ कुठे आहात म्हटल्यावर पत्ताही सांगावा लागला. त्या आल्या, खाली गाडीवरच बसून राहिल्या, वर काही आल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी मात्र त्याच त्यांना सोडायला आल्या.